प्योची सहा माणसं

प्यो गीउङ आमच्या गल्लीत आला तेव्हा त्याने पहिल्याच भेटीत माझ्या नवऱ्याचं वय विचारलं. नवरा त्याच्याहून मोठा निघाला, तसं त्याने लगेच त्याला ‘दादा’ करून टाकलं आणि मला ‘वहिनी’. हे दीर प्रकरण मला तिथेच खटकलं. सोलमधल्या मुल्ले भागात, कारखान्यांच्या गल्ल्यांत, आयुष्यभर लोखंडात हात काळे केलेल्या बाईला जो उगाच वहिनी म्हणतो, तो काहीतरी विकायला आलेला असतो. हा तर खरोखरच विकायला आला होता. लेथच्या टिपा, ड्रिल, टॅप असला माल स्कूटरवर घालून तो गाळ्यागाळ्यांतून फिरायचा. पण आमच्याकडे बसून दोन कप कॉफी प्याला तरी त्याने पिशवी उघडली नाही. या आठवड्यात काय बिघडलं, कुठलं काम अडलंय, एवढंच विचारत बसला. नवऱ्याने भोळेपणाने सगळं सांगून टाकलं.

त्याचा मोबाइलवर एक ग्रुप होता. सोलमधले आणि आसपासचे तीनशेच्या वर गाळेवाले त्यात होते. कुणी लिहायचं, पितळेच्या पातळ नळीला आतून आटे कोण पाडून देईल? की प्यो खाली लिहायचा, अमक्या गल्लीतला अमका देईल, पण तो दुपारी फोन उचलत नाही, सकाळी करा. दोघांचं जुळलं की हा बाजूला व्हायचा. मध्ये आपलं कमिशन नसतं असं तो सांगायचा. सांगायला काय जातं?

आमच्या शेजारच्या गाळ्यात नामगुङ मिलिंगचं काम करतो. त्याची जीभ त्याच्या कटरहून धारदार आहे. त्यानेच एकदा आम्हा नवराबायकोला एका हॉटेलातल्या सकाळच्या मेळाव्याला ओढून नेलं, धंद्याच्या ओळखी वाढवायला म्हणून. तिथे सगळे कोटात. जो तो दोन्ही हातांनी व्हिझिटिंग कार्ड पुढे करतोय, कमरेत वाकतोय आणि वाकता वाकताच पुढचा मोठा माणूस कोण ते शोधतोय. मी कार्डांचा गठ्ठा घेऊन परत आले. पुढे त्यातल्या एकाला बाजारात नमस्कार केला तर त्याला मी कोण ते आठवेना. प्योही त्या मेळाव्यात होता. पण तो सगळा वेळ एकाच माणसाजवळ उभा राहून त्याच्या सासूच्या गुडघ्याची हकिकत ऐकत होता. त्या कोटवाल्यांपेक्षा मला याच माणसाची भीती वाटली. कोट घातलेल्याला काय हवंय ते दिसतं तरी.

आणि मयती. आमच्याकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या दालनातून शवपेटी गाडीपर्यंत न्यावी लागते. पेटीला सहा जण लागतात. मुलगा फोटो धरून पुढे चालतो, पेटी धरायची ती त्याच्या मित्रांनी, ओळखीच्यांनी. गावाकडे ही माणसं आपोआप जमायची. शहरात पुष्कळांना जमत नाहीत, मग अंत्यविधीवाले आपली माणसं लावतात. प्यो मात्र कुणाच्याही मयतीला हजर असायचा. हातात पांढरे मोजे चढवून पेटीचा कोपरा धरायचा, आलेल्यांना वाढतात तो सूप-भात खायचा आणि निघून जायचा. नामगुङ म्हणायचा, “कुणाचं माणूस आचके द्यायला लागलं की याला आधी वास लागतो.”

मग माझा नवरा गेला. गाळ्यातच छातीत कळ आली आणि संपलं. मी फक्त नातेवाइकांना कळवलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी प्यो आला आणि पेटीचा पुढचा कोपरा धरून चालला. मी रडत होते तरी माझं लक्ष त्याच्यावर होतं. घरी आल्यावर मी माझ्या मुलाला, उरामला म्हटलं, बघ आता, आठवड्यात हा पिशवी घेऊन येतो. आला. पिशवी नव्हती. दारातच उभा राहून त्याने विचारलं, “वहिनी, लेथ चालवणार की विकणार?”

म्हणजे मशीनवर डोळा होता तर. मी ताडकन सांगितलं की चालवणार. तो बरं म्हणून गेला. संध्याकाळी ग्रुपवर त्याचं आलं होतं: उरामची आई दादांचा लेथ चालवते आहे, लहान बुश आणि पिना उत्तम करते, घाई लावू नका, हिशेबाला चोख आहे. दुसऱ्या दिवसापासून कामं येऊ लागली. मी येणाऱ्या प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं, प्योला काय द्यावं लागलं? कुणी काहीच दिलं नव्हतं. त्याने माझा संशय गेला नाही, उलट पक्का झाला. फुकट कोण कुणाचं करतं?

शेवटी मागणं आलंच. मी लेथवर जॉब लावत होते, तो येऊन स्टुलावर बसला.

“वहिनी, मला तुमच्याकडून एक हवंय.”

“माहीत होतं मला. बोला.”

“आईने नव्वदी गाठली. मी एकुलता एक. लग्न टिकलं नाही, मूलबाळ नाही. वडील लढाईच्या वेळी उत्तरेकडून एकटेच निसटून आलेले, म्हणजे चुलत कुणी नाही. वडील गेले तेव्हा पेटीला भाड्याची माणसं लावली. त्यातला एकजण पेटी उचलता उचलता शेजारच्याला विचारत होता, आज जेवायला काय आहे. आईने ते ऐकलं. तेव्हापासून तिचं एकच चाललंय, मला असल्यांच्या हातून नेऊ नकोस. मला सहा माणसं हवीत. उराम येईल का?”

मी म्हटलं, बघू. तो गेल्यावर मी तडक नामगुङकडे गेले. नामगुङ खो खो हसला. त्यालाही विचारलं होतं, पलीकडच्या प्लेटिंगवाल्यालाही आणि टेम्पोवाल्यालाही.

“अगं, एवढं कळत नाही तुला? अंत्यविधीच्या हप्त्यांचा एजंट आहे तो. महिन्याला इतके इतके भरा, मेल्यावर पेटी-गाडी-फुलं सगळं आमच्याकडे. आधी आपल्या आईचं रडगाणं गायचं, मग आपल्याला आपली आई आठवते, मग हळूच फॉर्म काढायचा.”

मला हे तंतोतंत पटलं. आम्ही फॉर्मची वाट बघत बसलो. प्यो येई, कॉफी पिई, काय अडलंय विचारी, जाई. वर्ष गेलं. फॉर्म काही निघेना. नामगुङ म्हणाला, मुरलेला आहे. मी म्हटलं, कशावरून याला आई तरी आहे?

तो प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर मला चैन पडेना. आई सोलशेजारच्या बुछनमध्ये एका वृद्धाश्रमात आहे असं तो बोलता बोलता म्हणाला होता. एका रविवारी मी संत्र्यांची पेटी घेऊन तिथे गेले. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, मी प्योची वहिनी. खोटं बोलताना जीभ अडखळली नाही, कारण तो शब्द त्यानेच मला चिकटवला होता.

आई होती. खिडकीशी खुर्चीत बसलेली, मुठीएवढा चेहरा, पण डोळे तरतरीत. मी कोण, कुठची, सगळं विचारून झाल्यावर तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

“गीउङ तुला काय विकतो?”

“काहीच नाही, आजी.”

“पैसे मागितले?”

“नाही.”

“मग सांभाळून राहा, पोरी,” म्हातारी म्हणाली. “इतकं गोड वागतो तो लोकांशी. मला तर वाटतं, कशात तरी अडकलाय.”

मला हसू आलं आणि घरी येताना बसमध्ये रडूही आलं. ज्याच्या आईलासुद्धा भरवसा नाही, त्या माणसाने काय करावं? पण खरं सांगायचं तर त्यानेही माझा संशय पुरता गेला नाही. आई खरी होती, एवढंच सिद्ध झालं होतं.

म्हातारी गेली ती पहिल्या थंडीत. ग्रुपवर प्योने दोन ओळी टाकल्या: आई गेली, परवा सकाळी न्यायची आहे. खाली श्रद्धांजल्यांची रांग लागली. दिवंगताच्या आत्म्यास शांती लाभो, दिवंगताच्या आत्म्यास शांती लाभो, शेकड्यांनी तेच एक वाक्य, एकाने लिहिलेलं दुसऱ्याने उचलून चिकटवलेलं. मी अंगठ्याने वर सरकवत राहिले, कुणी ‘येतो’ असं लिहिलंय का ते बघायला. तसं मला तरी दिसलं नाही.

आणि उरामचं अडलं. तो आणि सून वेगळे राहायचे, पण सून पोटुशी होती, आणि ते मीच प्योला कॉफी देताना सांगून बसले होते. घरात पोटुशी बाई असली की त्या घरच्याने मयतीला जायचं नाही, हे माझ्या सासूने मला सांगितलं, तिच्या सासूने तिला. उराम म्हणाला, आई, असलं काही नसतं. मी म्हटलं, नसेल, पण काही कमीजास्त झालं तर जन्मभर मला तेच खात राहील. आमची वादावादी चालू असतानाच उरामच्या फोनवर प्योचा निरोप आला: “उराम, तू येऊ नकोस. बायकोची काळजी घे. वहिनींच्या जिवाला उगाच घोर नको.”

मी तो निरोप तीनदा वाचला. याच्यात गळ कुठे आहे ते शोधत होते. मला लाजवायला लिहिलंय का? की हे वाचून मीच उरामला पाठवीन म्हणून? काही सापडलं नाही. मग मात्र मला त्या माणसाचा भयंकर राग आला. ज्याला एकच गोष्ट हवी, ती त्याने अशी सोडून का द्यावी?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काळे कपडे घालून दवाखान्याच्या तळघरात गेले. प्यो दंडाला मयताचा मुलगा असल्याची पट्टी लावून बसला होता. माणसं येत होती, फोटोपुढे वाकत होती, सूप खाऊन जात होती. मी कोपऱ्यात बसलेल्या नामगुङला विचारलं, किती झाले? पाच, तो म्हणाला. तो स्वतः, प्लेटिंगवाला, टेम्पोवाला, जुन्या भट्टीच्या जागी कॅफे काढलेला केस रंगवलेला पोरगा आणि तो सासूच्या गुडघेदुखीवाला. सहावा उराम धरला होता.

“आणि तुझी दुखरी पाठ?”

“पाठीला काय विचारायचं?” नामगुङ चिडून म्हणाला. “शब्द देऊन बसलोय. त्याचा फॉर्म निघाला असता तर बरं झालं असतं, नाही म्हणता आलं असतं.”

तेवढ्यात अंत्यविधीचा व्यवस्थापक येऊन प्योच्या कानाशी लागला. आमचा एक माणूस आहे, सकाळी उभा करतो, काळजी नको. प्योने मान हलवली. होकार की नकार, कळलं नाही.

रात्रभर मी सुनेचा विचार केला. सकाळी उरामला फोन करून सांगितलं, मी जातेय. बाळ होऊन ते बरं रांगायला लागेपर्यंत तुमच्या घराची पायरी चढणार नाही, म्हणजे तुमच्यावर काही यायला नको. तो ओरडत असतानाच मी फोन ठेवला. पहिलं नातवंड होतं.

पेटीजवळ व्यवस्थापक मोज्यांचे जोड वाटत होता. मी हात पुढे केला. तो अदबीने म्हणाला, बाईमाणसं मागून चालतात. त्याचा माणूस तयारच उभा होता, केस चापूनचोपून बसवलेला.

“मी दिवसभर लेथवर लोखंड चढवते,” मी म्हटलं. “मोजे द्या.”

नामगुङ माझ्याकडे बघून काहीतरी टोमणा मारणार होता, पण त्याने सरकून मधली जागा मोकळी करून दिली. प्यो फोटो घेऊन पुढे उभा होता. त्याने मागे वळून एकेकाकडे बघितलं. माझ्याशी आल्यावर त्याचा चेहरा पार विस्कटला. आम्ही उचललं. म्हातारीचं वजन फार नव्हतं, पण नामगुङची बाजू खचत होती आणि ती मला सावरावी लागली.

दहनगृहाकडे जाताना बसमध्ये मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मला तिथे विचारावंसं वाटलं. वेळ बरी नव्हती, पण माझा स्वभाव तसाच आहे.

“झालं ना आता तुमचं काम? आता ग्रुप बंद करणार?”

तो फोटोची काच बाहीने पुसत होता.

“कसा बंद करू, वहिनी? आता माझी पाळी. मला सहा तर हवेतच, वर फोटो धरायलाही कुणी नाही. सात शोधायचेत.”

“माझ्या भरवशावर राहू नका. मी तुमच्याहून मोठी आहे.”

“ते माहीत आहे. तुम्हाला धरलेलं नाही.”

मी माझ्या जागेवर परत आले. बाहेर रस्ता सरत होता. माझा उराम एकटाच आहे, तो फोटो धरील. मग पेटीला कोण? मी बोटांवर मोजायला लागले. व्याह्यांकडचे दोघे येतील. नामगुङ, पाठीसकट, जिवंत असला तर. प्लेटिंगवाला. कॅफेवाला पोरगा, तो तरुण आहे. टेम्पोवाला माझ्याहून म्हातारा, त्याला धरता येत नाही. पाचावर येऊन अडकले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं तरी पाचच. पुढच्या सीटवर फोटो धरून बसलेल्या त्या पाठमोऱ्या माणसाकडे मी बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यालाही धरलं.