युद्धपट बघावा तर परदेशी

माळव्यातल्या देवासच्या दत्ताजी जगदाळ्यांच्या घराण्यात तलवार चालवणारे शेवटचे म्हणजे त्यांचे पणजोबा. त्यानंतरचे सगळे नोकरदार. खुद्द दत्ताजींनी उभी हयात कन्नौदला बियाणं तपासण्यात घालवली. तरी युद्धाबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि ती सगळी सिनेमे बघून झालेली होती. ज्या युद्धपटात कुणाला भूक लागत नाही तो खोटा. ज्यात मरणारा माणूस लांबलचक भाषण ठोकतो, तो तर त्याहून खोटा. आपल्याकडच्या सिनेमात नुसता आरडाओरडा. परदेशी सिनेमातला शिपाई ओले मोजे पिळतो, सुजलेला पाय बुटात जाईना म्हणून रडकुंडीला येतो. "लढाई ही अशी असते," दत्ताजी सांगत. त्यांना कुणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी.

विचारणारी एकच होती, त्यांची बायको. सीताबाई शेजारी बसून भाजी निवडत अख्खा सिनेमा बघायच्या आणि संपला की त्यांच्याशी कडाकडा भांडायच्या. त्या गेल्यापासून दत्ताजींबरोबर शेवटपर्यंत कुणी बसलं नव्हतं. मुलाला मध्येच फोन यायचा, कॉलेजात जाणाऱ्या कृतिकाला, त्यांच्या नातीला, नेमका अभ्यास आठवायचा. पेन्शन वेळेवर, गुडघे शाबूत, दत्ताजी तसे सुखी होते. पण सिनेमा संपल्यावर बोलायला माणूस नसावं, याचं त्यांना फार वाईट वाटे.

यंदा खंडेनवमीला सगळं गोत जमलं. शस्त्रांबरोबर ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारंही पुजायची, ही घरची रीत. पाटावर दोन तलवारी आणि जंबियाशेजारी पुतण्या संग्रामनं गाडीची किल्ली ठेवली. दत्ताजींनी टीव्हीचा रिमोट ठेवला. "निवृत्त माणसाचं हेच हत्यार!" थोरली बहीण अक्का हसत म्हणाल्या आणि त्यांनी रिमोटवर ओल्या कुंकवाची सढळ बोटं ओढली.

जेवणं झाल्यावर संग्रामनं हिंदी युद्धपट लावला. "काकासाहेब, आज आपली वाली पिक्चर. एकदम धांसू!"

पण कुंकू बटणांत मुरलं होतं. आवाज कमी करायचं बटण जे रुतून बसलं ते वर येईना. तोफा धडाडत होत्या, नायक गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता आणि ऐकू येत होता फक्त छताचा पंखा. पोरं हसून लोळली. "रहने दो भिया, मजा नहीं आ रहा," असं म्हणत एकेक जण उठू लागला.

दत्ताजींनी संधी साधली. लगबगीनं आपला परदेशी सिनेमा लावला. "याला आवाज लागतच नाही. खाली अक्षरं येतात."

"मला कुठं इंग्रजी येतं, दत्ताजी?" अक्का म्हणाल्या.

"मी सांगतो ना."

आणि ते सांगू लागले. आता अक्कांपुढं बोलायचं म्हणजे घरातलं जुनं, दरबारी मराठीच. त्यामुळं बर्फात कुडकुडणारा गोरा कप्तान विचारू लागला, "गनीम कोठवर आला?" आणि शिपाई म्हणू लागला, "आज्ञा व्हावी, हुजूर." पोरांनी पोटं धरली. पण हसायला म्हणून जी बसली, ती उठलीच नाहीत.

सिनेमा शेवटाकडं आला. एका खड्ड्यात दोन्ही बाजूंचे दोन शिपाई अडकले होते. एक जखमी होता. दुसऱ्यानं बंदूक टाकून दिली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं.

"अहो, पण हा गनीमच ना? मग पाणी का पाजतो?" अक्कांनी विचारलं.

दत्ताजी सांगायला गेले आणि पहिल्याच शब्दावर अडकले. पडद्यावर अक्षरं येत राहिली, जात राहिली.

मग मागून कृतिकाचा आवाज आला. "अक्काआजी, तो विचारतोय, तुझं गाव कुठं आहे? दुसरा म्हणतोय, पुलाच्या पलीकडे. इथून दिसतं, पण... अभी अंधेरा है ना, म्हणून नाही दिसत."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. कृतिका अडखळत, मध्येच हिंदीत घुसत, शेवटच्या अक्षरापर्यंत सांगत राहिली. दत्ताजींनी तिला एकदाही टोकलं नाही.

सिनेमा संपला. संग्राम मान खाजवत म्हणाला, "बाकी ठीक आहे काकासाहेब, पण त्यानं बंदूक टाकली ते मला नाही पटलं. गलत है."

दत्ताजींनी चष्मा पुसला आणि सतरंजीवर शेजारची जागा थोपटली.

"बस इथं," ते म्हणाले. "का नाही पटलं, सांग."