आनेकलपर्यंतचं ॲव्हरेज

पेट्रोल जमिनीखाली तयार व्हायला जितका काळ लागला, साधारण तितक्याच सावकाशीनं ते जाळलं पाहिजे, असं मानणारा माणूस अख्ख्या बंगळुरात एकच आहे आणि मी त्याच्याच घरचा जावई आहे. माझ्या बायकोचे हे थोरले काका. त्यांचं घराणं इथं कैक पिढ्यांपासूनचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी सुखानं नांदते. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, म्हणजे त्यांच्या लेखी अजून पाहुणाच. काकांना कुणी कंजूष म्हणेल तर ते साफ चूक आहे. डोसा खायला गेलो तर दुसऱ्या कुणाला ते बिलाला हात लावू देत नाहीत. पेट्रोलची गोष्ट मात्र वेगळी. "पैशाचा प्रश्नच नाही हो, जावईबापू," ते म्हणतात, "इंजिन बिचारं प्रामाणिक असतं. उधळा असतो तो आपला पाय."

हा उधळा पाय ताब्यात राहावा म्हणून काका उजव्या पायातला बूट काढून गाडी चालवतात. ॲक्सिलरेटर अनवाणी पायाला कळतो, बुटाला कळत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. ब्रेक लावावा लागला की त्यांचा चेहरा ताटात अन्न टाकलेलं पाहावं तसा होतो. लांबून लाल दिवा दिसला की ते पाय उचलतात, आणि आपण पोचेपर्यंत तो हिरवा होईल अशा बेतानं गाडी घरंगळत नेतात. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून जीव खातात. काका खिडकीतून शांतपणे म्हणतात, "स्वल्प थांबा की रे! सिग्नल कुठं पळून चाललाय?" एकदा माझ्या हातात गाडी असताना उतार आला म्हणून मी मोठ्या हुशारीनं ती न्यूट्रलमध्ये टाकली. त्यावर काकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, आणि गिअर तसाच ठेवून नुसता पाय काढला तर पेट्रोल कसं पूर्ण बंद होतं, हे सगळे पाहुणे लग्नाच्या मांडवात वाट पाहत असताना मला समजावून सांगितलं. ओझ्याशीही त्यांचं वैर. चिकपेटेतून साड्यांची खरेदी झाली की काकू गाठोड्यांसकट मेट्रोनं घरी येतात आणि काका गाडीनं, एकटे. "मेट्रो तशीही जाणारच असते," काका म्हणतात, "तिला ओझ्याचं काय?"

पण सगळ्यात कडक नियम म्हणजे, एका कामासाठी गाडी बाहेर निघत नाही. निदान तीन कामं साठली पाहिजेत. काकूंचं माहेर शहराबाहेर, आनेकलचं. तिथं त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, काकांच्याच जातकुळीतले. काका दारात पोचले की पाणी विचारायच्या आधी अण्णा विचारायचे, "भावोजी, किती दिलं?" मग दोघं कट्ट्यावर बसून कधी पंधराच्या खाली न गेलेल्या त्या ॲव्हरेजची अशी चिकित्सा करायचे की आत भात गार व्हायचा. गेल्या वर्षी अण्णांनी अंथरूण धरलं. काकू रोज म्हणायच्या, "एकदा जाऊन येऊया हो." काका म्हणायचे, "जाऊया की. त्या बाजूची आणखी दोन कामं निघू देत." वाटेवरच्या बोम्मसंद्र्यातलं एक काम निघालं. दुसरं काही निघेना. काकूंनी मग विषय काढणंच सोडलं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे असताना आनेकलहून काकूंच्या वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, फोन आला. अण्णांनी अन्न सोडलं होतं आणि ते सारखं बहिणीचं नाव घेत होते. मी टॅक्सी बोलवू का विचारेपर्यंत काका किल्ली घेऊन खाली उतरलेसुद्धा. दोन्ही पायांत बूट होते. काकूंना गुदमरायला होतं म्हणून काकांनी एसी पूर्ण चालू केला. चढाला पेट्रोल जातं म्हणून आजवर टाळलेल्या उड्डाणपुलावर गाडी घातली. बोम्मसंद्र्यात कारखाने सुटले होते, रस्ता माणसांनी नि बसांनी भरलेला. तिथं काकांनी हॉर्न वाजवला. त्या गाडीला हॉर्न आहे हे मला त्या दिवशी कळलं. काकू तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "जरा जोरात."

"सरी," काका म्हणाले आणि त्यांनी पाय दाबला.

आम्ही पोचलो. अण्णांनी बहिणीला ओळखलं, तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या काकांकडे गेली. आवाज जेमतेम फुटला, पण प्रश्न तोच. "भावोजी, किती दिलं?"

"बघितलं नाही, अण्णा," काका म्हणाले.

अण्णा काकांकडे पाहतच राहिले. मग हसले. दोन दिवसांनी ते गेले.

काका पुन्हा अनवाणी पायानं गाडी चालवू लागले आहेत, सिग्नलशी त्यांचं जमलेलं गणितही तसंच आहे. फक्त वहिनी आता एकट्या असतात म्हणून दर पंधरवड्याला गाडी आनेकलला जाते, दुसरं कसलंही काम नसताना, काकूंसाठी एसी लावून. पोचल्यावर काका इंजिन बंद करण्याआधी मीटरवरचा आकडा बघतात आणि सवयीनं दाराकडे पाहतात. परवा मी बरोबर होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, किती दिलं?"

"बारा," ते म्हणाले. मग खाली वाकून बूट पायात चढवत हळूच म्हणाले, "अण्णांची फार बोलणी बसली असती."