काकूचा उलटा हात

काकू कुणाच्याही घरी गेली की आधी माणसांकडं नाही, भिंतींकडं पाहायची. घाटनांदूरला माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर चहा येईपर्यंत हिनं बैठकीतली सगळी बटणं न्याहाळून ठेवलेली. मुलगी कशी वाटली विचारलं तर म्हणाली, "गुणाची हाय. पण त्यांच्या न्हाणीजवळचं बटन उघडं हाय." काकूच्या माहेरी एक म्हैस विजेला चिकटून मेली होती. ते भय तिच्या अंगात मुरलं होतं आणि आम्ही त्यावरून तिला भरपूर चिडवलं.

स्वतःच्या घरातले जुने लाकडी बोर्ड काढून तिनं तीन पिनांचे सॉकेट बसवून घेतले. मातीच्या भिंतीतल्या खाचा मोठ्या, बाजारातल्या प्लेटा लहान. कडेनं बोट जाईल एवढी फट राहायची. मग लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं माप कापून ती धारूरच्या बाजारात दुकानादुकानांतून फिरली. दुकानदार वैतागले, आमचे चुलते अण्णाही वैतागले. प्लेटा मात्र चपखल मिळाल्या.

तिसऱ्या पिनेची तार घरामागच्या खड्ड्यात उतरवली होती, कोळसा आणि मीठ घालून. तिथली माती ओली असेल तरच चुकार वीज जमिनीत जिरते, असं वायरमननं सांगितलं होतं. काकू रोज भांड्यांचं पाणी तिथं ओतायची. लोखंडी कूलरला हात लावायचा तो आधी उलटा. "सुलट्या हातानं धरलं तर मूठ मिटती. मग सुटत न्हाई."

पुढं पाऊस असा रुसला की गावाला टँकर लागला. अण्णा दूध सोसायटीचे चेअरमन, टँकर सोसायटीच्या दारातच उभा राहायचा, माणशी घागर मिळायची. चेअरमनची बायको मातीला पाणी पाजते, अशी कुजबुज सुरू झाली. सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली. अण्णांनी खड्ड्यावर शहाबादी फरशी टाकली.

"तीन पिनांचं बसवलंय की सगळं," ते म्हणाले. "आता कावून भेतीस?"

"पिना कितीबी असू द्या. खाली माती कोरडी हाय."

त्यानंतर ती वाद घालेना. येता-जाता कूलरला उलटा हात लावायची आणि हात चोळत उभी राहायची. मुंग्या येतात म्हणाली, तर अण्णा हसले, म्हणाले वय झालं. मला तेव्हा त्या घरात पाय टाकायचीही भीती वाटू लागली होती.

एका दुपारी अण्णा सोसायटीतून आले, पाय धुतले आणि ओल्या पायांनीच कूलर आपल्याकडं वळवायला गेले. मूठ मिटली ती मिटलीच. वर भिंतीवर पांढरी प्लेट होती, कडेला तसूभरही फट नसलेली.

तेरावा झाल्यावर काकूनं फरशी उचलली. सोसायटीनं अण्णांची घागर बंद केली नव्हती. ती भरून आणायची आणि सगळी खड्ड्यात रिकामी करायची. कूलर तर केव्हाच काढून टाकला होता. पहिल्या दिवशी रांगेतल्या बाया खड्ड्यापर्यंत मागं येऊन पाहत राहिल्या.

"ह्यांच्या वाट्याचं हाय," ती त्यांना म्हणाली.