बगलेतलं हिरवं निशाण

मुलांनो, तुमच्या मेट्रोची दारं ठरल्या क्षणी मिटतात म्हणे. मी परतूरहून रोज जालन्याला शाळेत जायची, तेव्हा सकाळच्या गाडीचे गार्ड डब्याडब्यापाशी विचारायचे, "सगळे बराबर बसले का?" मगच शिट्टी वाजायची.

मॅट्रिकच्या परीक्षेला निघताना मला उशीर झाला. धावत फलाटावर पोचले, तेव्हा स्टेशनमास्तर ओरडत होते, "गार्डसाहेब, निशाण दाखवा!"

"तेच शोधून राह्यलो, मास्तर. सापडंना," ते म्हणाले. निशाण त्यांच्या बगलेतच होतं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "जल्दी बस, माय."

मी चढले आणि निशाण सापडलं.

पास झाल्याचं सांगायला मी पेढे घेऊन गेले, तेव्हा ते हसले. "मंग! निशाण उगंच हरवल्तं का?"