मंडईतली शपथ

जुगाराचं व्यसन सोडवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली मी आमच्या तालुक्यातली पहिली बाई, असं आमच्या संस्थेच्या पत्रकात छापलं होतं. पहिली खरी, कारण दुसरी कुणी जायला तयारच नव्हती. त्याआधी मी साकोलीला त्याच संस्थेत बचत गटांचं काम करायची. कुठल्याशा कंपनीने गावागावात जुगाराबद्दल जागृती आणि उपचार करण्यासाठी एका वर्षाचा निधी दिला. नागपूरला पाच दिवस कुणाला पाठवायचं यावर बैठक झाली आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझा मुलगा होस्टेलला होता, घरी अडून बसणारं कुणी नव्हतं. एवढीच माझी पात्रता.

आणखी एक पात्रता होती, ती मी अर्जात लिहिली नाही. माझे बाबा पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पैसे लावून पत्ते खेळायला बसत. आमच्याकडे त्या दिवशी पत्ते खेळायची जणू मुभाच असते, घरची माणसंही काही बोलत नाहीत. बाकीचे संध्याकाळी उठून घरी जात. बाबा उठत नसत, आणि पाडवा संपला तरी त्यांचा पाडवा संपत नसे. आईने त्यांना नेहमी जेवायला वाढलं, पण शेवटची काही वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. जुगारी माणसाचा मला मनापासून संताप यायचा. तोच संताप घेऊन मी अशा माणसांवरचे उपचार शिकायला निघाले.

प्रशिक्षण द्यायला एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. पहिले दोन दिवस पडद्यावर जुगाराची यंत्रं, मोबाइलमधले खेळ, क्रिकेटवरचे सट्टे दिसत होते. तिसऱ्या दिवशी मी हात वर करून विचारलं, "मॅडम, कोंबडबाजाराचं काय?" शहरातली पोरं हसली. बाईंना ते माहीत नव्हतं, म्हणून मीच उभी राहून सांगितलं. जंगलाच्या कडेला, पोलिसांना लवकर सापडणार नाही अशा जागी माणसं गोल करून बसतात. दोन कोंबड्यांच्या पायांना काती, म्हणजे धारदार छोटी पाती, बांधून सोडतात आणि कोणता पडतो यावर पैसे लावतात. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, तेव्हाच मला त्या आवडल्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. कुणाकडूनही शपथ घेऊ नका. माणूस पुन्हा खेळेल, बहुतेक खेळतातच. शपथ मोडलेला माणूस सगळ्यात आधी तुमच्यापासून तोंड लपवेल, आणि नेमकं त्याच दिवशी त्याने तुमच्याकडे यायला हवं असतं. मला ते पटलं होतं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, हिला बिचारीला कळलंच नसेल.

साकोलीला बसस्टँडच्या मागे एका झेरॉक्सच्या दुकानावर आम्ही खोली घेतली. दाराला "जुगार व्यसनमुक्ती केंद्र" अशी पाटी लावली आणि महिनाभर माश्या मारत बसलो. जिना दुकानातूनच होता, आणि कोण वर गेलं याची बातमी झेरॉक्सवाला चहाच्या टपरीपर्यंत पोचवायचा. मग पाटी बदलून "कुटुंब सल्ला केंद्र" केली, तर सासू-सुनांची भांडणं वर यायला लागली. त्यांच्या आडून हळूहळू बायका आल्या आणि बायकांच्या मागून एखाद-दुसरा पुरुष. निधी देणाऱ्यांनी एक छापील फॉर्म दिला होता. त्यात ऑनलाइन, लॉटरी, पत्ते आणि इतर असे रकाने होते. आमची सगळी माणसं 'इतर'मध्ये.

तो मात्र एकटा आला, स्वतःहून. गवंडीकाम करायचा, चाळिशीच्या अलीकडचा असेल, गाव साकोलीपासून अर्ध्या तासावर. बाकावर बसायच्या आधीच म्हणाला, "ताई, मले कोंबडबाजाराचा नाद हाय." मी फॉर्म काढला, तर म्हणाला, "मंग लिहा, आंधी आयका." त्याच्याकडे झुंजीचा एक कोंबडा होता. त्याला तो रोज उकडलेलं अंडं भरवायचा, बदाम भिजवून घालायचा. त्याची नऊ वर्षांची पोरगी एक दिवस समोर बसून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, मीबी झुंजीत जाईन, मले द्या नं अंडं." मग म्हणाला, "आता लिहा." जुगाऱ्यासाठी माझे डोळे भरून येतील असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दर मंगळवारी तो यायला लागला. कोंबडा त्याने कुणाला न विकता कापला. विकला असता तर तो दुसऱ्याच्या हातून लढलाच असता, असं म्हणाला. त्याच्या गावाजवळ शुक्रवारी कोंबडबाजार भरायचा, तर शुक्रवारी तो लांबचं काम घ्यायला लागला, म्हणजे परत येईतो सगळं उठलेलं असे. दुसऱ्या महिन्यात एकदा खेळला. त्या मंगळवारी दारातच उभा राहिला, आत येईना. "ताई, गेलो होतो." मी म्हटलं, "आलात ना इथं? बसा." तो बसला आणि सगळं सांगितलं. कोण बोलवायला आलं, घरी काय खोटं बोलला. शिकलेलं असं नीट लागू पडताना मी पहिल्यांदा बघत होते. खरं सांगते, माझा संतापही त्याच खोलीत थोडा थोडा कमी होत होता. बाबांना असं कुणी "बसा" म्हटलं असतं तर, असं वाटायचं.

मग वर्ष सरत आलं. निधी देणाऱ्यांचं पत्र आलं की पुढच्या वर्षाचा विचार करण्यासाठी एक यशोगाथा पाठवावी, फोटोसह. त्यांचे एक साहेब दिवाळीनंतर स्वतः काम बघायला येणार होते. पैसा बंद झाला तर खोली बंद, आणि खोली बंद झाली तर वर चढायला लागलेली सगळी माणसं पुन्हा त्या जंगलाच्या कडेला. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की माझा पगारही त्यातच होता हे सांगायचं राहून गेलं.

साहेब येणार त्याच दिवशी त्या गवंड्याच्या गावची मंडई होती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, पाव्हणे येतात, दुकानं लागतात आणि रात्रभर दंडारीचं नाचगाणं आणि नाटक चालतं. तिथले सरपंच म्हणाले, दंडारीआधी स्टेजवर त्याचा सत्कार करू, साहेबही बघतील. मला ती कल्पना फारच आवडली.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तिथं पुरा गाव राहीन. माही सासुरवाडी राहीन."

"चांगलंच आहे की, भाऊ. दोन शब्द बोलायचे फक्त."

"कसम नाही नं घ्या लागन?"

"छे, शपथ कशाला?"

"तुमी म्हणता तं करतो," तो म्हणाला. ही संमती नव्हती, हे न कळायला मी काही लहान पोर नव्हते.

मंडईच्या दिवशी स्टेजवर त्याला शाल दिली, नारळ दिला. पोरीलाही वर बोलावलं होतं. नवा फ्रॉक घालून ती बापाला चिकटून उभी होती. तो माइकवर "मी आता खेळत नाही" एवढंच म्हणाला आणि थांबला. तेवढ्यात सरपंचांनी माइक ओढला. "असं नाही! पोरीच्या डोक्श्यावर हात ठेवून सांग, का जलमात कोंबडबाजारात पाय ठेवणार नाही!" गर्दीतून ओरडा झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्याच रांगेत, साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. उठून चार पावलं टाकली असती, हसत हसत माइक घेतला असता, तरी निभावलं असतं. ह्याच एका गोष्टीसाठी मला पाच दिवस नागपूरला ठेवलं होतं. साहेब मोबाइल उंच धरून उभे राहिले. आणि मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी मी वाजवल्या, मग गावाने.

त्याने हात ठेवला. सांगितलं. फोटो सुरेख आला.

निधी पुढच्या वर्षासाठी मिळाला, आणि त्या पत्रात त्या फोटोचा खास उल्लेख होता. तो मंगळवारी येत राहिला, पण बसायचा कमी. "बरं हाय ताई," म्हणायचा. जानेवारीत एकदा आला तेव्हा त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. विचारलं, तर म्हणाला वीट पडली. विटेने बोट ठेचतं, असं सरळ रेघेत कापत नाही. काती बांधताना कोंबडा फडफडला की असं कापतं, हे त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. मी पुढे विचारलं नाही. त्याचा फोटो असलेला अहवाल माझ्या टेबलावर पडला होता, आणि मला तो खरा राहायला हवा होता. फॉर्मवर मी "स्थिर" लिहिलं.

फेब्रुवारीत पोरीला ताप आला. उतरेना म्हणून भंडाऱ्याला नेऊन दवाखान्यात भरती केलं. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, हे आतमधी येऊन नाही राहिले. बाहीरच बसून हायेत. म्हणतेत, मी आंदर आलो तं पोरीचं अजून बिघडन. काहून असे करून राहिले, काई समजत नाही." मी मिळेल ती बस पकडली.

तो मोटारसायकली लावायच्या जागेत, भिंतीच्या कडेला उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून उठला नाही.

"ताई, मंडईनंतर चार खेपा खेळलो," तो म्हणाला. "हात तिच्या डोक्श्यावर होता माहा."

मला येत होतं ते सगळं मी बोलले. ताप डासामुळे आलाय, अख्ख्या वॉर्डात तापाचेच रोगी आहेत, शपथ मोडल्याने कुणाला ताप येत नाही, तुम्ही मला सांगितलंत हेच मोठं आहे. एकेक वाक्य बरोबर होतं. तो ऐकत होता, मान हलवत होता. मग अगदी साधेपणाने, भांडायच्या सुरात नाही, त्याने विचारलं, "कसमेत काईच नसते, तं मंग तुमी टाळ्या काहून वाजवल्या?"

  मी म्हटलं, "थांबा, आधी पोरीला बघून येते," आणि आत गेले. खरं तर त्याच्या समोरून पळाले. पोरगी झोपली होती, ताप उतरणीला लागल्याचं नर्सने सांगितलं. ते सांगायला मी घाईघाईने बाहेर आले, तर भिंतीपाशी कुणी नव्हतं. वाटलं, चहाला गेला असेल.

तो परत आलाच नाही. बायकोने पोलिसात नोंद केली. कुणी म्हणालं रायपूरच्या बाजूला एका इमारतीच्या कामावर दिसला, कुणी म्हणालं नाकाडोंगरीकडे खाणीत आहे. तिचे भाऊ दोन्हीकडे जाऊन आले. तो कुठेच नव्हता.

माणूस गेला तरी काम चालू राहिलं. त्याच उन्हाळ्यात मला नव्या कार्यकर्त्यांना शिकवायला बोलावलं, आणि पडद्यावर तो फोटो लागला. समोरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आता कसे आहेत ते?" मी म्हटलं, "संपर्कात आहेत." आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या रात्री मला माझी इतकी किळस आली की जेवण गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या गावाला जाणाऱ्या बसमध्ये बसले.

त्याच्या बायकोने मला बसायला चटई टाकली, पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती आता दुसऱ्यांच्या बांधकामावर विटा वाहत होती, त्याच्या ओळखीच्याच ठेकेदाराकडे. ती चहा ठेवायला आत गेली आणि पोरगी माझ्यासमोर येऊन बसली. उंच झाली होती, केस कापलेले.

"मावशी, मी बिमार पडली म्हणून बाबा गेले नं?"

म्हणजे इतके महिने हे लेकरू ते पोटात घेऊन शाळेत जात होतं. मी तिचे हात धरले. म्हटलं, "नाही ग. तुझी काही चूक नाही. चूक माझी झाली. त्यांना शपथ घ्यायची नव्हती, मी त्यांना स्टेजवर पाठवलं. त्यांनी माझं ऐकलं, म्हणून हे झालं."

तिने हात सोडवून घेतले नाहीत. ती रडलीही नाही. माझ्या तोंडाकडे बघता बघता तिचा चेहरा एकदम उजळला.

"मंग तुमीच त्याइले वापस बोलवा नं मावशी," ती म्हणाली. "तुमचं आयकतेत नं ते."