पेढ्याची काचेची पेटी

माझं लग्न ठरायला वीस मिनिटं लागली होती. पेढ्यासाठी काचेची पेटी ठरायला सव्वीस दिवस लागले.

हा पेढा खायचा नव्हे. पेढा हा हॅमस्टर होता. ऐंशीच्या आसपास नागपुरात हॅमस्टर हा शब्द माहीत असणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतील, आणि त्यातला एक, म्हणजे माझा धाकटा दीर सुरेश, दुर्दैवाने आमच्याच घरात जेवायला होता. तो एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथले प्राणी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून त्याने एक नग खिशात घालून घरी आणला. (खिशात! वर रुमाल टाकून!)

"वहिनी, दोन महिने फक्त. काही त्रास नाही त्याचा."

पेढ्यासारखाच रंग, पेढ्यासारखाच गोल. माझ्या नऊ वर्षांच्या मंजूने त्याला हातात घेतलं आणि तिथल्या तिथे नाव ठेवलं. सासूबाईंनी चष्मा पुसून त्याच्याकडे पाहिलं.

"उंदीर आणला का गा सुऱ्या?"

"उंदीर नाही आई, हॅमस्टर."

"शेपूट तोडली म्हणून उंदराचा काय ससा होते?"

त्या दिवशी पेढ्याला यांच्या बुटांच्या खोक्यात ठेवलं. तासाभरात खोक्याला खिडकी पडली आणि पेढा सासूबाईंच्या पोह्यांच्या डब्यात सापडला. पोटभर खाऊन वर गाल भरून बसला होता. पोहे फेकले गेले, डबा चिंच लावून घासला गेला आणि सासूबाईंनी निकाल दिला.

"पेटीत राह्यला तर राहो कायमचा. पण पुन्हा मले पेटीच्या बाहेर दिसला, का त्याच दिवशी कालेजात वापस! सांगून ठेवते!"

"आणि कॉलेजात जूनमध्ये काय होतं माहीत आहे ना?" सुरेश म्हणाला. "मुलं याला टेबलावर उताणं पाडतात अन् चार पायांत चार टाचण्या..."

त्याला गप्प बसायला सांगेपर्यंत मंजूच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती. तिने माझा पदर धरला. "आई, तू चांगली पेटी आण. तू गणिताची बाई आहेस ना, तुझं चुकणार नाही."

तिने असं म्हणायला नको होतं.

मी विचार केला. पुठ्ठा कुरतडतो, लाकूड कुरतडतो, म्हणजे काच. हा निष्कर्ष बिनचूक होता आणि पुढच्या सगळ्या भानगडी त्यातूनच झाल्या.

पहिली काच म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली गोळ्यांची बरणी. दुकानदाराला दया आली म्हणून त्याने रिकामी दिली. पेढा आत गेला, पण बरणी गोल, तो गोल आणि बूडही थोडं फुगीर. तो कुठेही बसला तरी घसरत मध्यभागी यायचा. त्यात काचेतून तो मूळच्या तिप्पट दिसे.

हे हिंगण्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले. बरणीकडे बघत चहा प्यायले. "मुरंबा घातला का?" एवढंच म्हणाले.

दुसरी काच घरातच होती. बैठकीतल्या शोकेसला सरकत्या काचा होत्या. खालच्या कप्प्यात लग्नात आलेला प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा ताजमहाल, दोन बाहुल्या आणि यांचा कॅरमचा कप होता. बाहुल्या आणि कप मी वर नेले. ताजमहाल वर मावेना म्हणून राहू दिला. पेढ्याला राहायला पूर्ण कप्पा! मी माझ्यावरच खूष झाले.

ताजमहाल आतून पोकळ असतो, हे मला माहीत नव्हतं. पेढ्याला दहा मिनिटांत कळलं. खालच्या भोकातून आत शिरून तो तिथेच राहू लागला. सोमवारी संध्याकाळी शेजारच्या देशमुखबाई वाटी परत द्यायला आल्या, त्या बसल्या आणि बोलता बोलता थांबल्या.

"वसुधाताई, तुमचा ताजमहाल... सरकून राहिला का हो?"

"नाही हो."

ताजमहाल दोन बोटं डावीकडे गेला.

"नाही, आता सरकला!"

"जुना आहे," मी म्हणाले. (याचा अर्थ काय, हे मला अजूनही सांगता येणार नाही.) देशमुखबाई वाटी ठेवून ज्या उठल्या त्या पंधरा दिवस फिरकल्या नाहीत. शोकेसची पाठ प्लायवूडची होती. बुधवारपर्यंत पेढ्याने तिला अंगठ्याएवढं भोक पाडलं, पण त्याचे भरलेले गाल भोकात अडकले म्हणून वाचलो. मंजूने त्याला मागे ओढला. सासूबाई तेव्हा अंघोळीला गेल्या होत्या.

आता मी चिडले. मी ग्राफपेपर घेतला, पट्टी घेतली आणि पेटीचं चित्र प्रमाणात काढलं. लांबी, रुंदी, उंची. उंची मुद्दाम जास्त, म्हणजे त्याने मागच्या पायांवर उभं राहून उडी मारली तरी काठापर्यंत पोचणार नाही. ते चित्र घेऊन मी भर उन्हात सीताबर्डीला काचवाल्याकडे गेले. डोक्याला पांढरा दुपट्टा, पिशवीत ऊन लागू नये म्हणून कांदा (सासूबाईंची सक्ती) आणि हातात ग्राफपेपर!

काचवाले भाऊ चित्र बघून म्हणाले, "बढिया काढलं बाई. ठेवायचं काय यात?"

दुकानात आमच्या शाळेतल्या दोन मुलींच्या आया फोटोला फ्रेम करून घ्यायला उभ्या होत्या. गणिताच्या बाई उंदरासाठी महाल बांधताहेत, ही बातमी शाळा उघडायच्या आत आमच्या प्रताप नगरभर झाली असती.

"शोभेची वस्तू," मी म्हणाले.

"नाजूक आहे?"

"फार."

"वजन किती?"

"कमीजास्त होतं."

भाऊंनी ग्राफपेपरची घडी करून खिशात घातली. "फिकर नका करू. असं पॅक करून देतो, का धूळ जायची नाही आत!"

आणि नाहीच जायची! चार दिवसांनी जी पेटी मिळाली तिला खाली पॉलिशचा लाकडी तळ होता आणि त्यावर पाच बाजूंनी बंद असं काचेचं झाकण. सांध्यांना पुट्टी भरलेली. हवेचा एक कणही आत शिरणार नाही असं चोख काम. आत पेढ्याला ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत तो खरोखरच शोभेची वस्तू झाला असता.

पण मी गणिताची बाई आहे. मी ते झाकण उचललं, उलटं केलं आणि जमिनीवर ठेवलं. झाली पेटी! चार उंच भिंती, काचेचा तळ, वरून मोकळी हवा. काचेवर पाय ठरत नाही, त्यामुळे वर चढायचा प्रश्नच नाही. मंजूने टाळ्या वाजवल्या. यांनीही "वा!" केलं. वरून उघडं आहे, तर झाकण कुठे आहे, हे कोणालाच सुचलं नाही. म्हणजे मलाच सुचलं नाही. बाकीच्यांनी मला सुचेल असं धरलं होतं.

इतक्यात मे लागला. नागपूरचा मे ज्याने काढला आहे त्याला काचेची पेटी दुपारी काय होते हे सांगायला नको. पापड भाजता आले असते. पेढा एका कोपऱ्यात पाय पसरून पडू लागला. थंडावा घरात एकाच जागी होता, कूलरसमोर. आणि कूलरसमोर सासूबाईंची बाज.

"आई, थोडी बाज सरकवू का?"

"काहून?"

"पेढ्याला हवा लागत नाही."

सासूबाई उठून बसल्या. "माह्या नवऱ्यानं मले चाळीस वर्षांत कधी सरक म्हटलं नाही. अन् आता उंदरासाठी सरकू?"

त्या सरकल्या नाहीत. पेटी बाजेच्या आणि कूलरच्या मध्ये ठेवायचं ठरलं. पेटीत सुरेशने आणलेला लाकडाचा भुसा होता. रविवारी आम्ही सगळे कूलरसमोर पंगत मांडून आमरस खायला बसलो. यांनी कूलर जोरात केला. भुसा पेटीतून ढगासारखा उठला आणि पाचही वाट्यांत सारखा पसरला.

"आज सुंठ जरा भरड झाली का?" हे म्हणाले.

"चांगली लागून राहिली," सासूबाई म्हणाल्या. "पोटाले बरी."

मंजूने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी रस संपवला. पण भुसा बंद केला.

आता भुशाऐवजी काय? त्याच आठवड्यात आम्ही कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या होत्या. एक जुनी ताटी मागच्या अंगणात पडली होती. मी तिचा पेटीच्या मापाचा तुकडा कापला, पाण्यात भिजवला आणि पेटीत एका बाजूला तिरपा टेकवून ठेवला. खाली सावली, वरून गारवा, घरभर वाळ्याचा वास. फुकट! पेढा लगेच त्याच्या सावलीत जाऊन झोपला. मी इतकी खूष होते की देशमुखबाईंना बोलावून दाखवलं. (त्या दारातूनच बघून गेल्या.)

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई बाजेवर घोरत होत्या. यांची दुसरी पाळी होती म्हणून हे घरीच होते. मंजू पाय न वाजवता स्वयंपाकघरात आली आणि माझ्या कानाशी म्हणाली,

"आई, पेढा नाही."

मी धावले. पेटी जागेवर. काच शाबूत. आणि तळापासून थेट काठापर्यंत तिरपी टेकलेली, पाय रोवायला उत्तम, खरखरीत वाळ्याची ताटी! मी दरवर्षी फळ्यावर भिंतीला टेकलेली शिडी काढते आणि दहावीच्या मुलींना तिची लांबी विचारते. पेढ्याला मी लांबी न विचारता शिडीच दिली होती.

"आजी उठायच्या आत शोध," मंजू म्हणाली. "आई, त्याला टाचण्या..."

आम्ही तिघं गुडघ्यांवर आलो. मी सोफ्याखाली, मंजू शोकेसमागे, हे टॉर्च घेऊन दिवाणाखाली. दिवाण ठेंगणा, हे तसे भरलेले. डोकं आणि खांदे गेले, आणि मग काही जाईना आणि काही येईना.

"वसुधा," दिवाण म्हणाला, "मला ओढ."

मी पाय धरून ओढत असताना बाज करकरली.

"काय हुडकून राहिले तुम्ही?"

सासूबाई उठून बसल्या होत्या. मी यांचे पाय सोडले आणि तोंडात आलं ते सांगितलं.

"माझ्या कानातली कुडी पडली, आई."

याच्याइतकी मोठी चूक मला मुद्दाम करूनही जमली नसती. सोनं! सासूबाई बाजेवरून अशा उतरल्या की वयाची वीस वर्षं बाजेवरच राहिली.

"कोणी हलू नका! झाडू मारू नका! दार लावून घे वं मंजू! बबन, तू तिथंच राह्य!" (हे तिथेच होते. दुसरा इलाज नव्हता.)

आमच्या घरात सोनं हरवलं की शोधायची एक पद्धत आहे. खोलीतली धूळ कोपऱ्याकोपऱ्यातून ओल्या फडक्याने गोळा करायची आणि गव्हाच्या चाळणीने चाळायची. सासूबाईंनी चाळणी मागवली. गाद्या झटकल्या. उशांच्या खोळी उलट्या केल्या. ट्रंक ओढली. यांना दिवाणाखालून काढण्यासाठी दिवाणच उभा केला. मी मागून "असू द्या आई, सापडेल" असं म्हणत फिरत होते, आणि मी जितकं असू द्या म्हणावं तितक्या त्या पेटत होत्या.

"असू द्या काय असू द्या? बापानं दिलेलं सोनं हाये तुह्या!"

पाऊण तासाने पूर्ण बैठक भिंतीशी गोळा झाली होती. शिल्लक राहिला फक्त बाजेच्या पायाला टांगलेला सासूबाईंचा बटवा. त्यात त्या फुटाणे ठेवत आणि दुपारी चघळत. त्यांनी बटवा उचलला. बटवा हलला.

मंजूने माझा पदर घट्ट धरला.

सासूबाईंनी दोन बोटांनी तोंड उघडून आत पाहिलं. आतून पेढ्याने त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही गाल फुटाण्यांनी इतके तट्ट फुगले होते की डोळे कडेला गेले होते.

सासूबाईंनी शांतपणे बटव्याची नाडी ओढली. पेटीपाशी गेल्या, वाळ्याची ताटी उचलून बाजूला फेकली, बटवा आत उलटा केला. पेढा पडला, मागोमाग फुटाणे पडले. मग हातातली गव्हाची चाळणी त्यांनी पेटीवर उपडी ठेवली, त्यावर खलबत्त्याचा बत्ता ठेवला आणि हात झटकले. सव्वीस दिवसांत मला न सुचलेलं झाकण!

मंजू हुंदके देत त्यांना बिलगली. "आजी, नको ना त्याला वापस पाठवू. आजी, तू सांगितलं होतं, पण नको ना..."

"कोणाले वापस पाठवू?"

"पेढ्याला. तो बाहेर..."

"मले तर कोणी दिसलं नाही बाहेर," सासूबाई बाजेवर बसत म्हणाल्या. "मोतीबिंदू झाला हाये मले दोन्ही डोळ्यांत. डाक्टरनं सांगितलं नं मागच्या महिन्यात? मले जवळचं काहीच दिसत नाही. बबन, कूलर लाव गा."

यांनी कूलर लावला. मी पदराने घाम पुसला आणि सुटले म्हणून स्वयंपाकघराकडे वळले.

"वसुधा."

"काय आई?"

"तुह्या कानातल्या दोन्ही कुड्या मले इथून झगझगीत दिसून राहिल्या. हुडकून कोणती राहिली होती तू?"

माझे दोन्ही हात आपोआप कानांकडे गेले. दोन्ही होत्या. घट्ट, फिरक्यांसकट.

"सापडली, आई," मी म्हणाले, आणि चहा टाकायला गेले.