वहिनीचे हात आणि मागची खिडकी

आमची वहिनी बावीस वर्षं कपांना कान लावतेय. कारखान्यात ओल्या मातीचे कप साच्यातून निघून तिच्या टेबलावर येतात. कानाच्या दोन्ही टोकांना ती पातळ माती लावते, दाबते, वरून ओला स्पंज फिरवते, की झालं. मी तिची नणंद. पलीकडच्या टेबलावर कडा पुसते. आमचं पटत नाही असं लोकांना वाटतं, कारण मी बोलत सुटते आणि ती ऐकून घेते.

चार महिन्यांपूर्वी कान तडकायला लागले. शंभरात वीस. शेवटी मॅनेजरसाहेबांनी ठरवूनच टाकलं, बाईंचा हात थकला. येत्या पहिल्या तारखेपासून त्यांना पॅकिंगला बसवा. वहिनी घरी चहा गार होईपर्यंत कपाचा कान चाचपत बसली. माझं डोकंच फिरलं. साहेबांच्या नावानं मी बोटं मोडली ती मोडलीच.

त्याच सुमारास साहेबांनी जवळच्या शाळेशी ठरवलं होतं, नववीच्या मुलींना कारखान्यातला एक खराखुरा प्रश्न द्यायचा आणि त्यांनी इथे येऊन तो सोडवायचा. साहेबांनी नेमका हाच दिला. म्हटलं, घ्या, आता शेंबड्या पोरी वहिनीचे हात तपासणार.

पाहुणे येणार म्हणून आम्ही झाडलोट केली, रॅक पुसले, धूळ नको म्हणून मागची खिडकी लावून घेतली. मुली आल्या, वह्या उघडून बसल्या, आणि चार दिवसांत एक कान तडकेल तर शपथ. साहेब म्हणाले, "पाहुण्यांसमोर बरं नीट जमतं. म्हणजे एरवी लक्ष नसतं." वहिनीचा चेहरा पार उतरला. मुलीही हिरमुसल्या, त्यांचा प्रश्नच गायब झाला होता.

त्यातली एक चष्मेवाली वहिनीपाशी आली. "काकू, आम्ही येण्याआधी तुम्ही काय काय बदललंत?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. वहिनी बोटांवर मोजायला लागली. केर काढला, फडकी बदलली, रॅक पुसले... मग तिची नजर खिडकीवर गेली, तिथून माझ्यावर आली आणि खाली वळली. "बाकी काही नाही," ती म्हणाली.

ती खिडकी मी उघडते. चार महिन्यांपासून, रोज. माझं वय झालं, अंगातून वाफा निघतात. आणि कान लावलेले कप त्या खिडकीखालच्या रॅकवरच सुकतात. वहिनीला ते त्या क्षणी कळलं होतं आणि माझ्यासाठी तिनं ते गिळलं होतं.

"खिडकी लिही, बाळ," मी म्हणाले. "रोज मीच उघडते."

मग मुलींनी दोन दिवस खिडकी उघडी ठेवली. अर्धे कप तिच्याखाली, अर्धे आतल्या भिंतीशी. खिडकीखालचे तडकले, आतले धड राहिले. "कान पातळ, वाऱ्यानं तो आधी सुकतो," चष्मेवालीनं साहेबांना समजावलं. "कप ओलाच असतो. मग सांधा सुटतो. हातांचा काही दोष नाही." साहेबांनी वही दोनदा वाचली. रॅक आतल्या भिंतीशी गेले आणि पॅकिंगची गोष्ट मागे पडली.

पहिल्या तारखेला मी घाम पुसत कामाला बसले. खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. वहिनी ओल्या हातांनी उठली, जाऊन तिनं कडी काढली.

"रॅक हलवलेत ना? मग उकडत कशाला बसतेस?" म्हणाली, आणि पुढचा कप ओढून कान लावायला लागली.